हिवाळी पहाट आणि मोटारीचे इंजिन : उभ्याने तापवावे की चालवत?

धारवाड रेल्वे स्थानकालगतच्या मळमड्डीत डिसेंबर-जानेवारीतील पहाट चांगलीच गार असते. दारात उभ्या असलेल्या मोटारींच्या काचांवर दव साचलेले असते आणि गाडी सुरू करताच सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघू लागते. गोव्यातून एखाद्या कार्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलेल्या वाहनचालकाला हे दृश्य काहीसे अनोळखी वाटते. यजमान मात्र सवयीने किल्ली फिरवतात, गाडी चालू ठेवून आत चहाला जातात आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत येतात. तेवढ्या वेळात इंजिन तापलेले असावे, ही त्यामागची समजूत.

ही समजूत एके काळी बरोबर होती. आजच्या बहुतेक मोटारींना मात्र ती लागू पडत नाही. इंधन इंजेक्शन असलेले इंजिन सुरू झाल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबावे आणि मग गाडी सावकाश चालवत तापवावी, हीच आजची योग्य रीत आहे. उभ्याने दीर्घकाळ इंजिन चालू ठेवण्यात इंधन वाया जाते, इंजिनाची झीज वाढू शकते आणि जागा बंदिस्त असेल तर माणसाच्या जिवावरही बेतू शकते.

किती थंडी, कोणत्या गावी?

जानेवारीत पणजीचे सरासरी किमान तापमान १९ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे. दर हजार मीटर चढल्यावर हवेचे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने केवळ उंचीमुळेच धारवाड किनारपट्टीपेक्षा सुमारे पाच अंशांनी थंड पडते. शिवाय समुद्रापासून दूर असलेली कोरडी हवा रात्री लवकर निवते. त्यामुळे तेथील हिवाळी पहाट साधारण १३ ते १५ अंशांची आणि काही दिवशी त्याहूनही गार असते.

माणसाला ही थंडी जाणवते, म्हणून इंजिनालाही ती फार असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिनाच्या दृष्टीने तेरा अंश आणि वीस अंश यांत फार मोठा फरक नाही. चालू इंजिनातील कूलंटचे नेहमीचे तापमान ९० अंशांच्या आसपास असते. त्या मानाने पणजीतील सकाळ आणि मळमड्डीतील सकाळ या दोन्ही इंजिनासाठी ‘थंड’च. म्हणूनच पुढे दिलेले नियम गोव्यातही बाराही महिने लागू पडतात. धारवाडच्या थंडीत त्यांची आठवण अधिक होते, एवढेच.

सवय आली कोठून?

इंजिन तापवून मगच गाडी काढण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती ८०० या गाड्यांत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. थंड हवेत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचे थेंब आतल्या नळीच्या भिंतींवर चिकटून राहतात आणि सिलिंडरपर्यंत अपुरे इंधन पोहोचते. त्यावर उपाय म्हणून डॅशबोर्डवरचा चोक ओढावा लागे. चोकमुळे हवा कमी होऊन मिश्रण दाट होई. इंजिन तापू लागले की चोक हळूहळू आत ढकलायचा. घाई केली तर गाडी गचके देऊन पहिल्याच चौकात बंद पडे. अशा गाडीला काही मिनिटे तापू देणे हा शहाणपणा होता.

पुढे प्रदूषणाचे निकष कडक झाले. युरोपीय निकषांवर आधारलेले भारतातील उत्सर्जन निकष २००० साली लागू झाले आणि त्या सुमारास मोटारींत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. भारत स्टेज ४ निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ निकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. आजच्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारे सेन्सर असतात. त्यांच्या आधारे गाडीतला संगणक दर क्षणी किती इंधन फवारायचे ते ठरवतो. पूर्वी चालकाचा हात चोकवर जे करी, ते काम आता यंत्र आपोआप करते. यंत्र बदलले, सवय मात्र वडिलांकडून मुलाकडे तशीच आली.

इंजिनात काय घडते?

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील बहुतेक इंजिन ऑइल खालच्या तेलपात्रात उतरलेले असते. बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि सिलिंडरच्या भिंतींवर त्याचा पातळ थर तेवढा उरतो. किल्ली फिरवल्यावर ऑइल पंप काही सेकंदांत ते पुन्हा वरपर्यंत पोहोचवतो. डॅशबोर्डवरील तेलाच्या कॅनचे लाल चिन्ह विझणे म्हणजे ऑइलचा दाब आल्याची खूण. अर्धा मिनिट थांबायचे ते मुख्यतः यासाठी.

त्यानंतर दोन गोष्टी घडत असतात. इंजिन थंड असेपर्यंत संगणक गरजेपेक्षा अधिक इंधन फवारतो. यातील न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि पिस्टनच्या कड्यांवाटे खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ झाले की त्याचे वंगण कमी होते. दुसरी गोष्ट धातूची. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो. तापल्यावर तो प्रसरण पावतो आणि सिलिंडरमध्ये योग्य बसतो. थंड असताना त्यात थोडी ढिलाई असते. म्हणजे थंड अवस्था हाच इंजिनाच्या झिजेचा काळ, आणि तो जितका लवकर संपेल तितके बरे.

येथेच उभ्याने तापवण्याची रीत उलटी पडते. उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे उष्णताही थोडीच निर्माण होते. जे तापमान सावकाश चालवल्यास चार-पाच किलोमीटरमध्ये गाठले जाते, त्यासाठी उभ्या गाडीला बराच अधिक वेळ लागतो. तोवर जादा इंधनाचा पुरवठा सुरूच राहतो. इंजिन जपण्यासाठी केलेली गोष्ट झिजेचा काळच लांबवते.

शिवाय मोटार म्हणजे केवळ इंजिन नव्हे. गिअरबॉक्समधील तेल, चाकांची बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर हे सारे गाडी चालल्याखेरीज तापत नाही. अर्धा तास उभी ठेवून ‘तापवलेली’ गाडीही रस्त्यावर आल्यावर पहिले काही किलोमीटर सावकाशच चालवावी लागते. मग ती आधी उभी ठेवून साधले काय, हा प्रश्न उरतोच.

इंधनाचा हिशेब

छोट्या पेट्रोल मोटारीचे इंजिन उभ्याने तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. थंड असताना थोडे अधिकच. रोज सकाळी दहा मिनिटे धरली तर थंडीच्या नव्वद दिवसांत साडेसात ते पंधरा लिटर पेट्रोल गाडी एक पाऊलही न हलता संपते. लिटरला शंभर रुपये धरल्यास हा खर्च साडेसातशे ते दीड हजार रुपयांवर जातो. सुरू इंजिन आणि थांबलेले चाक या अवस्थेत मायलेज शून्य असते, हे साधे गणित फारसे कोणी मांडत नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्लाही हाच आहे : हिवाळ्यात अर्ध्या मिनिटानंतर गाडी हळुवार चालवावी, चालवल्यानेच ती लवकर तापते. त्याच खात्याच्या माहितीनुसार, तापमान २५ अंशांवरून उणे ७ अंशांवर उतरले तर शहरातील फेऱ्यांत पेट्रोल मोटारीचे मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटते. धारवाडची थंडी त्याच्या जवळपासही जात नाही. परंतु थंड इंजिन अधिक इंधन पिते, हे तत्त्व सर्वत्र सारखेच.

प्रदूषणाचाही संबंध येतो. सायलेन्सरच्या मार्गात बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत करतो. परंतु त्यासाठी तो स्वतः साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापावा लागतो. उभ्या गाडीत त्याला अधिक वेळ लागतो. तोवर निघणारा धूर जवळजवळ गाळल्याविनाच घरांच्या खिडक्यांपाशी रेंगाळतो. हिवाळ्याच्या पहाटे हवा स्थिर असते आणि जमिनीलगतचा धूर लवकर वर जात नाही. अरुंद गल्लीत एकाच वेळी चार गाड्या उभ्याने तापत असतील, तर तो धूर प्रथम शेजारच्या घरातील लहान मुले आणि दमेकरी यांच्या वाट्याला येतो.

बंद गॅरेज : खरा धोका येथे

या विषयातील सर्वांत गंभीर भाग इंधनाचा नव्हे, तर श्वासाचा आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. परिणामी माणूस श्वास घेत असतो, परंतु शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. इंजिन आणि कन्व्हर्टर थंड असताना, म्हणजे नेमके गाडी ‘तापवताना’, या वायूचे प्रमाण सर्वाधिक असते.

थंडीत लोक दारे-खिडक्या लावून घेतात. अनेक बंगल्यांत गॅरेजचे एक दार थेट घरात उघडते. काही ठिकाणी गॅरेजच्या वर किंवा मागे शयनगृह असते. शटर अर्धे उघडे ठेवले म्हणजे पुरे, असे समजणे चूक आहे. वायू घरात शिरतो आणि गाडी बाहेर गेल्यानंतरही तेथे बराच काळ राहू शकतो. भिंतीला टेकवून मागे घेतलेली गाडी, सायलेन्सरसमोर साचलेला पालापाचोळा किंवा गळका सायलेन्सर यांनी धोका आणखी वाढतो.

सुरुवातीची लक्षणे डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा आणि गुंगी अशी, सर्दी-तापासारखी भासणारी असतात. झोपेतील माणसाला तीही कळत नाहीत. घरातील एकाहून अधिक जणांना एकाच वेळी असे वाटू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर संशय घ्यावा. बोटाला लावण्याच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही तो उपकरणाच्या दृष्टीने ठीक दाखवू शकतो.

अशा वेळी बाधिताला तातडीने मोकळ्या हवेत आणावे, शक्य असल्यास इंजिन बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत चालतो. मदतीला धावणाऱ्याने स्वतः धुराने भरलेल्या खोलीत थांबू नये. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात तपासणी करून घेणे आवश्यक असते, कारण त्रास काही दिवसांनी पुन्हा उद्भवू शकतो.

नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : गॅरेजमध्ये गाडी सुरू करताच ती बाहेर काढावी; थांबायचे असेल ते उघड्यावर. बंद काचांच्या उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणेही याच कारणासाठी टाळावे.

कायदा काय सांगतो?

गाडी रस्त्यावर चालू ठेवून घरात जाणे हा केवळ सवयीचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या वाहनात चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे. नसेल तर यंत्र बंद केलेले आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे. चालू गाडी पुढे सरकून अपघात होऊ नये, हा त्यामागील हेतू. किल्लीसह चालू असलेली गाडी चोराला आयतीच मिळते, हेही लक्षात घ्यावे. परदेशांत याहून कडक तरतुदी आहेत. जर्मनीत वाहनाचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास वाहतूक नियमांनी मनाई आहे आणि ब्रिटनमध्येही सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालू ठेवून सोडून जाता येत नाही. दोन्ही देशांतील हिवाळा धारवाडपेक्षा कितीतरी कडक असतो.

योग्य पद्धत

थंड सकाळी गाडी काढताना पुढील क्रम पाळल्यास पुरे.

१. निघण्याची सारी तयारी आधी करावी. सामान ठेवणे, काच पुसणे, आरसे लावणे ही कामे इंजिन सुरू करण्यापूर्वी उरकावीत.

२. दिवे, एसी, पंखा आणि संगीत बंद ठेवावे, म्हणजे बॅटरीची सारी शक्ती स्टार्टरला मिळते. हाताच्या गिअरची गाडी असल्यास क्लच दाबून सुरू करावी.

३. किल्ली पहिल्या टप्प्यावर दोन-तीन सेकंद थांबवून मग फिरवावी. सुरू करताना ॲक्सिलरेटर दाबू नये. सुरू होताच रेस देणे ही सर्वांत वाईट सवय होय. त्या क्षणी ऑइल अजून सर्वत्र पोहोचलेले नसते.

४. सीटबेल्ट लावेपर्यंत अर्धा ते एक मिनिट जातो. थंड इंजिन आरंभी मिनिटाला साधारण १,१०० ते १,५०० फेऱ्यांवर चालते आणि मग काटा उतरू लागतो. तो उतरू लागला की निघावे.

५. पहिली पाच ते दहा मिनिटे फेऱ्या २,००० ते २,५०० च्या आत ठेवाव्यात. एकदम वेग घेणे टाळावे. त्याचबरोबर फार वरच्या गिअरमध्ये इंजिनाला घुसमटवत ओढणेही टाळावे.

६. तापमानाचा काटा मध्यावर आला, अथवा काही गाड्यांत असलेला निळा दिवा विझला, तरी आणखी थोडा वेळ संयम ठेवावा. कूलंट आधी तापते. ऑइल पूर्ण तापायला त्याहून अधिक वेळ लागतो.

मळमड्डीतून महामार्गाकडे जाणाऱ्या गाडीला शहरातील रस्ते आपोआपच हा अवधी देतात. महामार्गाला लागूनच घर असेल, तर पहिले काही किलोमीटर डाव्या बाजूने बेताच्या वेगात काढावेत.

वाहनागणिक फरक

डिझेल मोटारीत ठिणगी नसते; दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते. थंडीत ही उष्णता अपुरी पडू नये म्हणून ग्लो प्लग असतात. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर वेटोळ्याच्या आकाराचे पिवळे चिन्ह दिसते. ते विझल्यावरच स्टार्टर फिरवावा. सकाळी इंजिनाचा ठोका मोठा येणे आणि थोडा धूर निघणे जुन्या डिझेलमध्ये सामान्य असते. भारत स्टेज ६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. उभ्याने चालवणे आणि सतत लहान फेऱ्या मारणे यांमुळे तो तुंबतो, म्हणून या गाड्यांनी तर ही सवय मुळीच बाळगू नये.

टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोची बेअरिंग ऑइलवरच अवलंबून असतात. ती अतिशय वेगाने फिरत असल्याने थंड ऑइलवर जोराचा पिकअप घेणे त्यांना मारक ठरते. घाट चढून आल्यावर बंद करण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट इंजिन शांत चालू देणे मात्र हिताचे.

सीएनजीवरील अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि नंतर आपोआप गॅसवर जातात. थंडीत हा बदल थोडा उशिरा होणे हा बिघाड नव्हे. मात्र पेट्रोलच्या टाकीत पुरेसे ताजे पेट्रोल ठेवणे गरजेचे असते.

हायब्रिड गाडीचे इंजिन कधी सुरू व्हायचे ते स्वतःच ठरवते. म्हणूनच ती शांत आहे असे समजून बंद गॅरेजमध्ये ‘चालू’ स्थितीत सोडणे धोक्याचे. इंजिन केव्हाही सुरू होऊ शकते. विजेवरील गाडीला तापवण्याची गरज नसते. थंडीत तिचा पल्ला थोडा घटतो, एवढेच.

कार्ब्युरेटर असलेली जुनी मोटार किंवा स्कूटर कोणाच्या घरी जपलेली असेल, तर तिला चोक आणि एक-दोन मिनिटांचा अवधी द्यावा. चोक ओढलेलाच ठेवून दूरवर गाडी नेल्यास प्लग काळा पडतो. नव्या इंजेक्शनच्या दुचाकींना अर्धा मिनिट पुरतो.

हिवाळ्यापूर्वीची निगा

थंडीत गाडी सुरू न होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण इंजिन नव्हे, तर बॅटरी असते. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला अधिक जोर लागतो. गोव्यातील गाड्यांबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी : बॅटरीची खरी हानी उन्हाळ्याच्या उष्णतेत होते, परंतु ती उघडकीस येते थंडीत. किनाऱ्यावर कशीबशी चालणारी बॅटरी मळमड्डीच्या पहिल्याच पहाटे दगा देऊ शकते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट भरतो, तो १२.२ च्या आसपास असेल तर बॅटरी निम्मीच भरलेली समजावी. खाऱ्या हवेमुळे टर्मिनलवर साचणारा पांढरा-हिरवट क्षार पुसून टाकावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट जाऊ द्यावा.

ऑइलच्या डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’सारख्या आकड्यात ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत लवकर वाहते. जुन्या गाड्यांतील २०डब्ल्यू-४० पेक्षा ५डब्ल्यू-३० सकाळी अधिक लवकर वर पोहोचते. परंतु आपल्या मनाने श्रेणी बदलू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलीच वापरावी. ज्यांच्या फेऱ्या रोज दोन-तीन किलोमीटरच्याच असतात, त्यांनी किलोमीटर भरण्याची वाट न पाहता ठरलेल्या महिन्यांनी ऑइल बदलून घ्यावे.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरण्याची रीत सोडून द्यावी. धारवाडला पाणी गोठत नाही हे खरे. परंतु कूलंट गंज रोखतो आणि उकळण्याचा बिंदूही वाढवतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून टाकतात. अशी गाडी थंडीत योग्य तापमानाला पोहोचतच नाही आणि सदैव जादा इंधन पीत राहते. काटा मध्यावर येत नसेल, तर प्रथम हीच तपासणी करावी.

टायरमधील हवाही पाहावी. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरचा दाब सुमारे एक पीएसआय घटतो. पणजीत दुपारच्या ३२ अंशांत भरलेली हवा मळमड्डीच्या १३ अंशांत तीन-साडेतीन पीएसआयने कमी भरेल. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने काही भरपाई होते आणि प्रत्यक्षात साधारण दोन पीएसआयची घट दिसते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

धूर ओळखावा

सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ पाहून घाबरण्याचे कारण नाही. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. थंड नळीत त्या बाष्पाची वाफ दिसते आणि थेंबही ठिबकतात. गाडी तापल्यावर हे थांबते. रोज फार लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे पाणी पुरते बाहेर पडत नाही आणि सायलेन्सर आतून गंजतो. यास्तव आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवावी. धारवाड ते हुबळी ही साधारण वीस किलोमीटरची एक फेरी त्यासाठी पुरेशी आहे.

गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट इंजिनात शिरत असल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे आणि काळा धूर इंधन जादा जात असल्याचे दर्शवतो. ही तिन्ही लक्षणे गॅरेजमध्ये दाखवण्याजोगी आहेत. तापवून ती जात नाहीत.

गोव्याकडे पहाटे निघताना

धारवाडहून अळणावर, रामनगर आणि अनमोड घाटमार्गे गोव्याकडे पहाटे निघणाऱ्यांना दव आणि धुके यांना तोंड द्यावे लागते. काच स्वच्छ होण्यासाठी गाडी उभ्याने तापवत बसण्याची गरज नाही. बाहेरचे दव कापडाने पुसावे. थंड काचेवर गरम पाणी ओतू नये. ती तडकू शकते. आतून धरलेले बाष्प घालवण्यासाठी एसी सुरू करून वारा समोरच्या काचेकडे वळवावा. एसी हवेतील ओलावा काढून घेतो, आणि इंजिन तापू लागल्यावर त्यातच उष्ण हवा मिसळली की काच लवकर निवळते. काच पूर्ण दिसू लागल्याखेरीज मात्र गाडी हलवू नये. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा; वर केलेला झोत धुक्यावरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

जेथे थंडी खरीच कडक असते

इंजिन तापवण्याची खरी गरज लेह-लडाखसारख्या प्रदेशात भासते. तेथे पारा शून्याखाली बराच उतरतो आणि साध्या डिझेलमधील मेण गोठून ते वाहीनासे होते. यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. कॅनडासारख्या देशांत विजेवर चालणारे हीटर रात्री इंजिनाला जोडून ठेवतात. तेथेही भर असतो तो सुरू करण्यापूर्वी इंजिन उबदार राखण्यावर. सुरू करून उभे ठेवण्यावर नव्हे.

मळमड्डीची थंडी या तुलनेत सौम्यच म्हणावी लागेल. तेथे मोटारीला हवी असते ती चांगली बॅटरी, योग्य ऑइल आणि चालकाचा पहिल्या दहा मिनिटांचा संयम. चहा आधी घ्यावा, किल्ली नंतर फिरवावी. गॅरेजमधून गाडी लगेच बाहेर काढावी आणि रस्त्याला लागल्यावर तिला सावकाश तापू द्यावे.